तिसरी हाक

१

घर पाहिल्याशिवाय काम घ्यायचं नाही, असा खुशालचा नियम होता. बुधरी त्याला हसायची. "कागदाची सोयरीक करून राह्यला का?" म्हणायची. पण नियम तीही पाळायची.

चंद्रपुरात जटपुरा गेटाच्या आत एका टायपिंगवाल्याची मागची खोली खुशाल रामटेकेने भाड्याने घेतली होती. दारावर पाटी होती: भाषांतर करून मिळेल. मराठी, हिंदी, इंग्रजी, माडिया. त्यातलं शेवटचं नाव बुधरीच्या जिवावर. ती भामरागडपलीकडच्या एका गावातली, माडिया आदिवासी घरातली. आश्रमशाळेतून शिकत शिकत बी.ए.ला खुशालच्या वर्गात आली होती. आता मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका होती आणि मुली शाळेत गेल्या की दुपारभर मोकळी असायची.

माडियाचं काम कागदावर संपत नसे. जंगलातल्या गावांत वाचणार कोण? म्हणून खुशाल मजकूर सोपा करून द्यायचा, बुधरी तो आपल्या बोलीत बोलायची आणि ते टेपवर भरायचं. मग ज्याने मूळ मजकूर कधी पाहिलाच नाही अशा एखाद्या माडिया माणसाला बसवून टेप ऐकवायची आणि विचारायचं, "सांगा, काय कळलं?" त्याच्या तोंडून मूळ मजकूर जसाच्या तसा परत आला, म्हणजे काम पास. हिवतापाच्या गोळ्या, विहिरीत टाकायची पावडर, वणव्याच्या सूचना, असं बरंच काही या दोघांनी बाजाराबाजारांत पोचवलं होतं.

नियम मात्र एका चुकीतून आला होता. एका महाराजाची टेप त्यांनी चौकशी न करता करून दिली होती. पुढे एटापल्लीच्या बाजारात एक खंगलेली बाई भेटली. टेप ऐकून तिने क्षयाच्या गोळ्या सोडून अंगारा धरला होता. ती बुधरीला म्हणाली, "आवाज तुझा होता बाई, मंग कायचा खोटा?"

तेव्हापासून खुशालने प्रश्न ठरवले. आजार बरा करायचं वचन देता का? घरदार, शेत, लेकरू सोडायला सांगता का? काही मागता का? आणि तुमची जागा दाखवता का? या प्रश्नांवर त्याने किती पंथ, किती परिवार दारातून परत पाठवले होते. त्याचा बाप बल्लारपूरला कागद कारखान्यात होता. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्याने घरातले देव वर्धा नदीत सोडले होते. आपणही बापासारखाच धुऊनपुसून चोख माणूस आहोत, असं खुशालला मनोमन वाटायचं.

२

भर उन्हाळ्यात, तेंदूपानांच्या हंगामात भैयाजी आले. पांढरा सदरा, बगलेत छत्री, बोलणं हळू. निवारा मंडळाचे म्हणाले. त्यांची एक प्रार्थना माडियात हवी होती.

त्यांच्या मराठीला गावच नव्हतं. वऱ्हाडी नाही, झाडीबोली नाही, पुणेरीही नाही. बोलीवरून माणसाचा तालुका ओळखणाऱ्या खुशालला ते खटकलं, पण बदलीची नोकरी झाली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. मजकूर अर्ध्या कागदाचा:

'बंधू, ये. फार उशीर झाला. भात निवतो आहे. तुझी जागा राखली आहे. दार उघडं आहे. ओ दे.'

देवाचं नाव नाही, पापपुण्य नाही, चमत्कार नाही. खुशालने दोनदा वाचलं आणि त्याला तो कागद आवडलाच. देव नसलेली प्रार्थना!

"जागा पाहावी लागेल," तो म्हणाला.

"जरूर पाहा," भैयाजी म्हणाले. "पाहायला मागणारे तुम्ही पहिलेच."

एस.टी.ने गडचिरोली, तिथून धानोऱ्याच्या अलीकडे उतरून सागाच्या रानातून पायवाट. जुन्या लाकूड ठेकेदाराचं ऐसपैस कौलारू घर होतं. दारांना फळ्या नव्हत्या. सगळी दारं बिजागऱ्यांपासून काढून टाकलेली, नुसत्या चौकटी. आत एक लांब खोली, जमीन नुकतीच सारवलेली, आणि भिंतीशी पळसाच्या पत्रावळी ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीवर भात. भाताला वाफ.

खुशाल आत गेला आणि ओल्या सारवणात त्याची पावलं उमटली. तो ओशाळला. भैयाजी हसून म्हणाले, "असू द्या. पहिली पावलं तुमची."

पत्रावळींपाशी दुसरं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मागच्या बाजूने सारवत आले असतील, खुशालला वाटलं. मागच्या बाजूला भिंत होती, हे त्याने पाहिलं होतं. पण तोवर त्याचे प्रश्न सुरू झाले होते, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हवं तेच येत होतं. आम्ही काही बरं करत नाही. काही सोडायला सांगत नाही. काही मागत नाही. ना तसबीर, ना झेंडा, ना दानपेटी. खुशालला माणूस पटत चालला.

बुधरी बाहेरच, चौकटीपाशी उभी होती. तिने एकच विचारलं. "जेवणारे कुठी हायेत?"

"त्यांच्या बोलीत अजून हाक गेली नाही ना," भैयाजी म्हणाले. "इतर बोलींतून मारून पाहिली. या रानातून कोणी ओ देत नाही."

३

परतीच्या बसची वाट पाहत दोघं सडकेवर मोहाच्या झाडाखाली बसली. 

"आत काऊन नाई आली?" खुशालने विचारलं.

"वाफ पाह्यली का भाताची? आपण एवढा वेळ होतो. कमी नाई झाली."

"हंडीतून नुकताच काढला असंल."

"कोणी काढला? चूल दिसली तुले?"

खुशाल म्हणाला, चूल मागे असेल. ती म्हणाली, हे काम नको. कारण विचारलं तेव्हा ती आधी चिडली, मग खाली पाहत म्हणाली, "माही आय सांगे, रानात हाक आली तं पहिलीले ओ द्याची नाई. दुसरीलेबी नाई. माणूस असंल तं तिसऱ्यांदा हाक मारंल. ते दुसरं जे असते, ते एकदाच मारते. त्याले दुसऱ्यांदा येत नाई. ह्या कागदात हाक एकच हाये, खुशालभाऊ. आन् तो माणूस म्हंते, रानातून कोणी ओ देत नाई."

खुशालच्या डोक्यात त्याच क्षणी लख्ख उजेड पडला. म्हणूनच! एका हाकेला तिकडे कोणी ओ देतच नाही. मग मजकुरात हाक एकदाच ठेवून कसं चालेल? तीनदा हवी. आणि 'बंधू' म्हणून घरात कोण कोणाला बोलावतं? नात्याने हाक हवी. काका, आय, दादा, जशी घरची पोरगी मारते तशी. चांगलं भाषांतर म्हणजे हेच तर. तो उत्साहाने बोलत सुटला. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"काम सोड म्हणून मी तुले हे सांगितलं," ती म्हणाली. "तू त्याचं अवजार केलं."

तेव्हा खुशाल जे बोलला, ते त्याला पुढे कधी विसरता आलं नाही. वसतिगृहातल्या पोरींना तू हेच शिकवतेस का, असं त्याने विचारलं. बी.ए. होऊन आईच्या भुताखेतांना धरून बसायचं असेल, तर पाटीवरून माडिया पुसून टाकू. ज्या बोलीतले लोकच आपल्या बोलीला घाबरतात, ती पुढे कशी जायची? वर्गात असताना तिच्या उच्चारांवर हसणाऱ्या पोरांशी तो एकदा भांडला होता. आज त्याच पोरांचा सूर आपल्या तोंडात आलाय, हे बोलता बोलता त्याला जाणवलं. तरी त्याने वाक्य पुरं केलं.

बस आली. बुधरी चढली आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "बरं. भर टेप."

४

ट्रकांचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीवर घोंगडी टांगून, भर दुपारी त्यांनी टेप भरली. बुधरीने आधी 'काका' म्हणून हाक मारली, मग 'आय', मग 'दादा'. प्रत्येक हाक तीनदा, आणि मागोमाग तो भात, ती राखलेली जागा, ते उघडं दार. तिचा आवाज असा लागला होता की माडिया न येणाऱ्या खुशाललाही उठून जावंसं वाटलं. संपल्यावर तिने पदराने ओठ पुसले, कडू काही खाल्ल्यासारखे.

ऐकवायला माणूस घरचाच होता. बुधरीचा काका इसरू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चंद्रपूरला आला होता आणि वसतिगृहाच्या मागच्या पडवीत उतरला होता. एका डोळ्यावर पट्टी, हातात लाल चिंधी बांधलेली बांबूची काठी, आवाज खरखरीत, आणि तोंडात सदा थट्टा. खुशालला तो जावई म्हणायचा, आणि बुधरी त्याच्यावर डोळे वटारायची.

तपासणीच्या वेळी बोलणारीने समोर बसायचं नाही, असा रिवाज होता. बुधरी बाहेर अंगणात जाऊन बसली. खुशालने टेप लावली.

पहिली हाक. इसरू हसला. मान हलवून म्हणाला, "पोरगी चांगली बोलून राह्यली."

दुसरी हाक. त्याचं हसू थांबलं. तोंड अर्धवट उघडं राहिलं, काही आठवत असल्यासारखं.

तेवढ्यात बाहेर रॉकेलची गाडी घंटा वाजवत आली. गलका नको म्हणून खुशालने टेप बंद केली. बटण खटकन वर आलं, चाकं थांबली. आणि तिसरी हाक आली.

"ओ," इसरू म्हणाला. तो काठी घेऊन उठला आणि दाराकडे चालू लागला.

खुशालने त्याला हाताला धरून बसवलं. म्हाताऱ्याच्या उघड्या डोळ्यात पाणी होतं. काय कळलं, असं खुशालने विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं: बुधरी जेवायला बोलावते आहे, भात निवतो आहे. अगदी जसंच्या तसं.

काम पास. टेपची चाकं एखाद दुसरा फेरा पुढे जातात, खुशालने मनाशी म्हटलं. अंगणात येऊन त्याने बुधरीला विचारलंसुद्धा, तू हाक मारलीस का? ती तांदूळ निवडत बसलेली होती. "मी काऊन मारू?" म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे पाहता पाहता तिच्या हातातलं सूप खाली आलं.

भैयाजी टेप न्यायला आले. खुशालने ती खाकी कागदात गुंडाळून, सुतळीची आपली नेहमीची दुहेरी गाठ मारून दिली. एकदा ऐकून पाहा, असं तो म्हणाला.

"झालं ना बोलून?" भैयाजी म्हणाले. "मग बस."

५

मृगाच्या पहिल्या ढगाळ सकाळी इसरू पडवीत नव्हता. घोंगडी घडी केलेली, वहाणा तिथेच. गेटावरच्या बाईने सांगितलं, म्हातारा कोणाला तरी ओ देत गेला, मला वाटलं मॅडमच बोलावून राहिल्या आहेत. ठाण्यात नोंद झाली: डोळ्याचा पेशंट, वाट चुकला. टेपचं काही सांगायचंय का, असं कोणी विचारलं नाही, आणि खुशालनेही सांगितलं नाही.

कुठे पाहायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. मिळेल ती पहिली बस त्यांनी धरली.

रान ओलं होतं, पायवाट निसरडी. घर तसंच होतं, दारांविना. बाहेरच्या अंगणात चिखल, पण आतली जमीन ताजी सारवलेली, आणि यावेळी तिच्यावर पावलं होती. अनवाणी, मोठी, छोटी, प्रत्येक चौकटीतून आत येणारी आणि पत्रावळींपाशी थांबणारी. खुशाल परत जाणारं एखादं पाऊल शोधत राहिला. त्याला स्वतःचं जुनं पाऊल सापडलं. उन्हाळ्यातलं, तसंच ओलं. तेही आतच जात होतं.

खिडकीच्या कोनाड्यात खाकी पुडकं होतं. सुतळी तीच, गाठ त्याचीच. कोणी सोडलेली नव्हती.

शेवटच्या पत्रावळीपाशी भिंतीला काठी टेकवलेली होती. लाल चिंधी. पत्रावळ चाटून पुसून साफ. तिच्या शेजारची भरलेली होती, आणि तिच्यावर वाफ होती.

"काका," बुधरी अगदी हळू म्हणाली.

आतल्या अंधारातून हाक आली.

"खुशालभाऊ."

बुधरीचाच आवाज. ती त्याच्या शेजारी, ओठ घट्ट मिटून उभी होती. घर पोकळ आहे, घुमतं आहे, असं खुशालने स्वतःला बजावलं. पण बुधरी काका म्हणाली होती. घुमणारं घर दुसरा शब्द कुठून आणणार?

"खुशालभाऊ."

आतला अंधार डोळ्यांना सरावला. तिथे माणसं पाठमोरी मांडी घालून बसलेली होती, एकमेकांना खेटून, लग्नाच्या पंगतीत बसावी तशी. हलत नव्हती. चेहरे दिसत नव्हते, आणि ते दिसावेत असं खुशालला मुळीच वाटत नव्हतं. पण पाय पुढे पडू पाहत होता. आणि तोंडात, जिभेवर, तो शब्द तयार होऊन बसला होता.

बुधरीने त्याच्या तोंडावर हात दाबला. तिसरी हाक आली, आणि त्याची ओ तिच्या तळव्याखालीच जिरली. आत, ओळीतल्या एकाने मान न वळवता आपली पत्रावळ थोडी सरकवली आणि शेजारी जागा केली.

सडकेपर्यंत ती त्याला मनगट धरून ओढत घेऊन आली. भरधाव पळताना खुशालच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. त्या घराला एकदाच हाक मारता येत होती. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मारायला त्याने शिकवलं होतं.

६

पावसाने भामरागडची सडक बंद केली. नदी उतरली, लाकडी डोंग्यातून माणसं ये-जा करू लागली, तेव्हा दोघं निघाली. आईला इसरूचं सांगायला हवं होतं. खुशाल म्हणाला, मीही येतो, माझ्या तोंडाने सांगतो. बुधरीने येऊ नको म्हटलं नाही. ये असंही म्हटलं नाही.

भामरागडच्या बाजारात सोमाजीचं मीठ-तेलाचं दुकान होतं. बुधरीला तो लहानपणापासून ओळखायचा. तिला पाहताच त्याने हातातलं माप खाली ठेवलं. पावसात सारी वाट बंद असताना तिच्या गावात काय झालं ते त्याने तुटक तुटक सांगितलं. भरदिवसा, नांगरणीच्या वेळी, रानाच्या कडेने आपल्याच पोरीच्या हाका येत. तीनदा. नात्याने. बुधरी शहरातून आली असं वाटून माणसं हातातलं काम टाकून ओ देत गेली. आता गावात कोणी कोणाला हाक मारत नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावतात.

"जाऊ नको बाई," सोमाजी म्हणाला. "गेलीच तं बोलू नको."

गावाच्या शिवेवर दुपारचं ऊन होतं. धान कापणीला आला होता, बांधावर कोणी नव्हतं. पहिल्या घरापाशी एक माणूस जाळं विणत बसला होता. त्याने बुधरीला पाहिलं, जाळं तिथेच टाकलं आणि आत जाऊन फळी लावली. मग दुसऱ्या घराची फळी. मग तिसऱ्या. कुठेतरी एक लेकरू रडायला लागलं आणि मध्येच थांबलं, कोणी तोंड दाबावं तसं.

बुधरीच्या आईचं घर समोर होतं, चार ढांगांवर. दाराच्या फटीत काहीतरी हललं.

बुधरी तिथेच थांबली. परत जाऊ, असं तिने हाताने खुणावलं. आणि खुशालच्या अंगातला तो जुना, उतावळा, सगळं नीट करून टाकणारा माणूस पुन्हा उठला.

"असं कसं?" तो म्हणाला. "समोर उभी आहेस तू. दिवसाउजेडी. दिसते आहेस त्यांना. हाक मार. आईला पोरीचा आवाज कळणार नाही?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मोहाखाली पाहिलं होतं, तसंच. मग ती घराकडे वळली आणि हाक मारली.

"आय."

फटीतली हालचाल थांबली.

"आय."

कोंबड्यासुद्धा गप्प होत्या. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फाटला, पण तिने ती मारली. दार उघडलं नाही. आतून कुणाचं तरी कपाळ फळीवर टेकल्याचा आवाज आला, एवढंच.

मग त्यांच्या पाठीमागे, रानातून, ओ आली.

पहिली इसरूची. ती खरखर खुशाल कुठेही ओळखू शकला असता. तिच्या मागून दुसरी, मग कितीतरी, बायकांच्या, पोरांच्या, जवळ जवळ, पंगतीला बसलेल्या माणसांनी वाढप्याला द्याव्यात तशा सावकाश आणि समाधानी. वाळल्या पानांवर पावलं वाजू लागली.

बुधरी मागे वळली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. आता तिला मोठ्याने बोलताही येणार नव्हतं. ती खुशालच्या कानाशी आली, आणि आजवर तो इतरांना विचारत आला होता तोच प्रश्न तिने त्याला कुजबुजत विचारला.

"सांग, खुशालभाऊ. काय कळलं?"

खुशालने मान खाली घातली. पाठीमागे पावलं थांबली होती, आणि तीही उत्तराची वाट पाहत होती.